आळंदीतली जोगमहाराजांची शाळा

आळंदीत चौदा वर्षांच्या पोरालाही ‘महाराज’ म्हणतात. दुकानदार म्हणतो, रिक्षावाला म्हणतो, खानावळीतली मावशीसुद्धा ‘महाराज, अजून एक पोळी घ्या’ असा आग्रह करते. पांढरा सदरा, पांढरी विजार नाहीतर धोतर, गळ्यात तुळशीची माळ, कपाळी गोपीचंदनाचा टिळा आणि बुक्का, खांद्याला पखवाज. इंद्रायणीच्या दोन्ही काठांना अशी मुलं इतकी दिसतात की बाहेरून आलेल्या माणसाला वाटावं, गावात काही उत्सव आहे. उत्सव वगैरे काही नसतो. मुलं शाळेला निघालेली असतात, नाहीतर शाळेतून सुटलेली असतात.

आळंदीच्या एका बाजूला पिंपरी-चिंचवड आणि दुसऱ्या बाजूला चाकण. देशातल्या मोटारींच्या मोठ्या कारखान्यांपैकी कितीतरी या पट्ट्यात आहेत. पहाटे कामगारांच्या बसगाड्या सुटतात त्याच सुमाराला गावात काकड्याचे टाळ वाजत असतात. या गावात इंजिनिअरिंग कॉलेज आहे, माध्यमिक विद्यालय आहे, नगरपरिषदेच्या शाळा आहेत. पण महाराष्ट्रभर ज्या शिक्षणासाठी आळंदीचं नाव घेतलं जातं ते वेगळंच आहे, आणि त्याची सुरुवात १९१७ साली गुढीपाडव्याला झाली. त्या दिवशी विष्णुबुवा जोग यांनी इथे वारकरी शिक्षण संस्था काढली. जुनी माणसं आजही तिला ‘जोगमहाराजांची संस्था’ म्हणतात.

साल लक्षात घेण्याजोगं आहे. आदल्याच वर्षी, १९१६ मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं होतं. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. महाराष्ट्रात शाळा काढण्याचा तो हंगामच होता. कर्वे आणि कर्मवीर यांच्यावर पाठ्यपुस्तकात धडे असतात. जोगमहाराजांचं नाव मात्र शिक्षणाच्या इतिहासात फारसं कुणी घेत नाही, त्यांना संतचरित्रांच्या कपाटात ठेवून दिलं जातं. हा त्यांच्यावर अन्यायच आहे. शिकणं एका घराण्यातून किंवा एका वर्तुळातून बाहेर काढायचं आणि वर्ग, शिक्षक, अभ्यासक्रम अशा चौकटीत बसवायचं, हे जे काम इतरांनी आपापल्या क्षेत्रात केलं तेच जोगांनी कीर्तनाच्या बाबतीत केलं.

विष्णु नरसिंह जोग यांचा जन्म १८६७चा, पुण्याचा. ब्राह्मण घरातला हा मुलगा तरुणपणी तालमीत रमला. लग्न केलं नाही, संसार मांडला नाही. पुढे ते वारकरी झाले, कीर्तन-प्रवचन करू लागले. लोकमान्य टिळकांशी त्यांचा स्नेह होता. नुसतं कीर्तन करून ते थांबले नाहीत. त्यांनी छापखान्याची ताकद ओळखली. ‘अमृतानुभव’ त्यांनी अर्थासह छापला, १९०९ मध्ये तुकोबांची सार्थ गाथा काढली. अभंग आणि खाली सोप्या गद्यात त्याचा अर्थ, अशी ती मांडणी. ज्याला अक्षरओळख आहे त्याला बुवाकडे न जाताही अभंगाचा अर्थ लागू लागला. शाळा काढण्याआधी आठ वर्षं त्यांनी पाठ्यपुस्तक तयार करून ठेवलं होतं असं म्हटलं तरी चालेल.

त्याआधी कीर्तन शिकायचं तर काय वाट होती? वारकरी परंपरेत फड असतात. वासकरांचा फड, देहूकरांचा फड ही पंढरपुरातली मोठी नावं. फडाचा प्रमुख, त्याचे टाळकरी, त्याच्या दिंड्या, आणि त्या परिवारात राहून जमेल तेवढं शिकणारी माणसं. आळंदीत साखरे महाराजांच्या परंपरेत ज्ञानेश्वरीचा अभ्यास चाले. या सगळ्यांत विद्या होती, पण ती मिळायची म्हणजे आधी माणूस मिळायला हवा, त्याची मर्जी मिळायला हवी, आणि त्याच्यामागे वर्षानुवर्षं हिंडता यायला हवं. कुठल्याशा खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला अमुक दिवशी अमुक ठिकाणी जा, चार वर्षं राहा आणि शिकून ये, असं सांगता येत नव्हतं. जोगमहाराजांच्या संस्थेमुळे ते सांगता येऊ लागलं.

सुरुवातीला जोगमहाराजांच्या हाताशी जी माणसं होती ती पाहिली की या खटाटोपाचा पैस कळतो. बीडकडचे बंकटस्वामी, लक्ष्मणबुवा इगतपुरीकर, मारुतीबुवा गुरव, आणि शंकर वामन तथा सोनोपंत दांडेकर. सोनोपंत पालघरजवळच्या माहीमचे, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुढे पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य. दिवसा कॉलेजात पाश्चात्त्य तत्त्ववेत्ते शिकवायचे आणि संध्याकाळी टाळकऱ्यांपुढे उभं राहायचं, असं आयुष्य या माणसाने काढलं. १९५३ मध्ये आलेली त्यांची सार्थ ज्ञानेश्वरी आजही घराघरांत वापरली जाते. ‘मामा’ म्हणूनच ते वारकऱ्यांत ओळखले गेले. जातींचा विचार केला तर हे चौघे चार दिशांचे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात एका छपराखाली अशी माणसं एकत्र शिकवत होती, ही गोष्ट लहान नाही.

जोगमहाराजांना मात्र संस्था वाढताना पाहायला फार दिवस मिळाले नाहीत. ५ फेब्रुवारी १९२० रोजी ते गेले. स्थापनेला जेमतेम तीन वर्षं होत होती. एका माणसाच्या जोरावर उभ्या राहिलेल्या कितीतरी संस्था त्या माणसाबरोबरच संपतात. ही टिकली, कारण शिकवणारे आधीच तयार झाले होते आणि पुढचे शिकवणारे तिथल्याच विद्यार्थ्यांतून निघत राहिले. शतक उलटून गेलं, तो क्रम अजून मोडलेला नाही.

इथला अभ्यासक्रम चार वर्षांचा. ज्ञानेश्वरी हा कणा. अठरा अध्याय, नऊ हजारांहून अधिक ओव्या. त्याच्या जोडीला अमृतानुभव, पासष्ट ओव्यांची चांगदेव पासष्टी, हरिपाठ, तुकोबांची गाथा, भगवद्गीता, संस्कृतचं व्याकरण आणि ‘विचारसागर’, ‘पंचदशी’ यांसारखे वेदान्ताचे ग्रंथ. शिवाय गायन आणि पखवाज. शिक्षणासाठी पैसे घ्यायचे नाहीत, आणि पुढे कीर्तनकार झाल्यावर कीर्तनाचेही पैसे घ्यायचे नाहीत, हा जोगमहाराजांचा दंडक. जिथे कीर्तन करावं तिथलं अन्नही घेऊ नये अशी तुकोबांची शिकवण होती आणि जोगमहाराज तिच्या बाबतीत कडक होते. या दंडकाचं आज काय झालंय, तो विषय पुढे येईलच.

मग पोरं जेवायची काय? माधुकरी. झोळी घेऊन गावात जायचं, ठरलेल्या घरांपुढे उभं राहायचं, मिळेल ती भाकरी-भाजी आणायची आणि सगळ्यांनी मिळून खायची. आळंदीच्या जुन्या घरांमध्ये विद्यार्थ्यांसाठी दोन भाकऱ्या जास्त थापण्याची रीत होती. कालांतराने धर्मशाळा वाढल्या, अन्नदान करणारे वाढले, वसतिगृहांत स्वयंपाक होऊ लागला. तरी माधुकरी मागितलेल्या पिढीतले कीर्तनकार तिची आठवण अभिमानाने काढतात. दहा दारांत उभं राहिलेल्या माणसाला लोकांपुढे उभं राहायची भीती वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य असावं.

दिवस पहाटे सुरू होतो. स्नान, काकडा, विष्णुसहस्रनाम, मग संथा. संथा म्हणजे गुरुजींनी ओवी म्हणायची, मुलांनी तिच्यामागून म्हणायची, पुन्हा म्हणायची, आणि उच्चार जागेवर बसेपर्यंत म्हणत राहायची. दुपारी ग्रंथांचे पाठ, संध्याकाळी हरिपाठ, रात्री भजन किंवा कीर्तन. ज्ञानेश्वरांच्या समाधिमंदिराच्या आवारात अजानवृक्षाखाली पारायणाला बसलेल्या भाविकांच्या गर्दीत एखादा विद्यार्थी ज्ञानेश्वरी मांडीवर घेऊन डोळे मिटून पुटपुटताना दिसतो. तो ध्यानाला बसलेला नसतो, उद्याचा पाठ करत असतो.

हे पाठांतर कशासाठी, हे कीर्तन जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंग-उत्तररंग असतो, गोष्ट असते, कीर्तनकार एकटाच किल्ला लढवतो. वारकरी कीर्तनाची रचना निराळी. निरूपणाला एक अभंग घ्यायचा, बहुधा तुकोबांचा, आणि दोन तास त्याच्यातून बाहेर पडायचं नाही. मागे टाळकऱ्यांची रांग, एका बाजूला पखवाज, गळ्यात वीणा अडकवलेला विणेकरी. कीर्तनकार बोलता बोलता दुसऱ्या संताच्या अभंगाचा नेमका चरण काढतो. याला ‘प्रमाण देणं’ म्हणतात. त्याने पहिले दोन शब्द उच्चारले की मागच्या गायकाने तो चरण उचलून चालीवर घ्यायचा असतो. कुणाच्या हातात पुस्तक नसतं. कीर्तनकार कुठलं प्रमाण काढणार हे आधी ठरलेलं नसतं. म्हणजे समोर बोलणाऱ्याइतकंच मागे उभ्या असलेल्यांनाही हजारो अभंग तोंडपाठ हवेत. एखादं प्रमाण कुणालाच उचलता आलं नाही तर क्षणभर टाळ अडखळतात आणि श्रोत्यांतली जाणती म्हातारी माणसं एकमेकांकडे पाहतात. परीक्षेत नापास होणं यापेक्षा सोपं.

म्हणून सरावाचं कीर्तन ही या शिक्षणातली सगळ्यात मोलाची प्रथा. पाळीपाळीने एकेका विद्यार्थ्याने उभं राहायचं, बाकीच्यांनी टाळ धरायचे, गुरुजींनी समोर बसून ऐकायचं. तयारी आधीपासून चालते. पखवाज वाजवणारा पोरगा कणीक मळून घेतो आणि तिचा गोळा डाव्या तोंडावर, धुमेवर, थापून थापून लावतो. कणीक जास्त झाली तर आवाज बुजतो, कमी झाली तर धूम घुमत नाही. दोनदा थाप मारून, कान लावून, चिमूटभर काढून तो बेत जमवतो. मग नमनाचं भजन होतं, ‘रामकृष्णहरी’चा गजर होतो, रूपाचा अभंग होतो आणि आज पाळी असलेला मुलगा निरूपणाचा अभंग सोडतो. पहिल्या पाच मिनिटांत बहुतेकांचा घसा कोरडा पडतो. कुणी एकाच प्रमाणाभोवती घोटाळत राहतो, कुणी नामांकित कीर्तनकाराची लकब हुबेहूब उचलतो. संपल्यावर सगळे एकमेकांच्या पाया पडतात, शिकवणारासुद्धा. चुका त्यानंतर सांगितल्या जातात.

पाया पडण्याची ही रीत बाहेरच्याला अवघडल्यासारखी वाटते. वारकऱ्यांत लहानथोर, जात, वय न पाहता एकमेकांच्या पायांना हात लावायचा असतो, आणि इथे तो शिस्तीचाच भाग आहे. पावली खेळणं, टाळ धरण्याची पद्धत, सप्ताहात वीणा खाली न ठेवता पहाऱ्याने एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात देणं, यातलं कुठलंच पुस्तकात लिहिलेलं नसतं. मोठी मुलं लहानांना दाखवतात.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचं प्रस्थान होतं तेव्हा हे सगळं शिक्षण रस्त्यावर उतरतं. सातारा भागातल्या आरफळच्या हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला आजची शिस्त दिली. मानाच्या दिंड्यांचा क्रम आजही ठरलेला असतो. विद्यार्थी दिंडीत चालतात, मुक्कामाला कीर्तन ऐकतात, आणि पंढरपूरपर्यंतच्या वाटेवर जितक्या चाली कानावर पडतात तितक्या वर्गात चार महिन्यांत पडत नाहीत. प्रस्थानाच्या दिवशी देवळात शिरण्यावरून इथल्या तरुण मुलांचा जीव किती वरखाली होतो ते जून २०२३ मध्ये दिसलं. गर्दी आवरण्यासाठी प्रत्येक दिंडीतल्या मोजक्याच माणसांना आत सोडण्याचा नियम होता. दारात पोलीस आणि तरुण वारकरी यांच्यात झटापट झाली आणि तिच्या चित्रफिती राज्यभर फिरल्या.

शिकून बाहेर पडलेली मुलं जातात कुठे, याचं उत्तर गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहांत आहे. सात दिवस पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन. मराठवाड्यात तर सप्ताह नाही असं गाव शोधावं लागेल. एका सप्ताहाला सात-आठ कीर्तनकार, पारायणाला व्यासपीठचालक, टाळकरी, गायक, पखवाजवादक लागतात. ही मागणी आहे म्हणून आळंदीचं शिक्षण चालतं. बंकटस्वामींनी बीड भागात सप्ताहांची परंपरा रुजवली. त्यांच्या हाताखाली आळंदीत शिकलेल्या आबाजी सानप या तरुणाला पुढे महाराष्ट्र भगवानबाबा म्हणून ओळखू लागला. भगवानगड ही त्यांची देण. ऊसतोडणीला जाणाऱ्या, दुष्काळाशी झुंजणाऱ्या मुलखात शिक्षणाचा आणि व्यसनमुक्तीचा विचार कीर्तनातून पोचला तो अशा माणसांमुळे.

बिदागीचं काय? ज्यांनी आयुष्यभर कीर्तनाच्या पैशाला हात लावला नाही असे कीर्तनकार या परंपरेत होऊन गेले, सोनोपंत त्यांतलेच. आज नामवंतांच्या तारखा कित्येक महिने आधी ठरतात, मानधनाचे आकडे चावडीवर चर्चेला असतात, आणि मोबाइलवर कीर्तनाच्या तुकड्यांना लाखांनी प्रेक्षक मिळतात. काही जण म्हणतात, पोट सगळ्यांनाच आहे, शिक्षक पगार घेतो तर कीर्तनकाराने का घेऊ नये? हा मुद्दा अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. पण जोगमहाराजांच्या संस्थेचं नाव पत्रिकेवर छापायचं आणि त्यांचा दंडक विसरायचा, हे मात्र खटकतं.

आळंदीत शिकायला येणारी बरीच मुलं दिवसा साध्या शाळेतही जातात. गणित, विज्ञान, इंग्रजी, दहावीची बोर्डाची परीक्षा. श्री ज्ञानेश्वर विद्यालयासारख्या इथल्या शाळांच्या वर्गांत टिळा लावलेली आणि न लावलेली मुलं एकाच बाकावर बसतात. या विद्यालयात ‘ओळख श्री ज्ञानेश्वरीची’ हा उपक्रम सुरू झाला आणि मग इतर शाळांतही गेला. एरवी ज्ञानेश्वरीच्या वाटेला न जाणारी मुलं त्यातून निवडक ओव्या अर्थासह शिकतात. कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा आणि पाथर्डीकडून कीर्तन शिकायला आलेला मुलगा यांची गाठ अशा वर्गांत पडते.

अशा बाहेरगावाहून येणाऱ्या मुलांची संख्या गेल्या काही दशकांत फार वाढली. शेती परवडत नाही, गावची शाळा धड नाही, मुलगा मोबाइलच्या नादी लागलाय, अशा नाना कारणांनी आईबाप पोराला आळंदीला आणून सोडतात. राहणं, जेवण, शाळा आणि वर संस्कार, असं एकाच ठिकाणी मिळतं म्हणून. मागणी आली तसे पुरवणारेही आले. गावात खासगी वारकरी शिक्षण संस्था आणि त्यांची वसतिगृहं शंभराच्या वर गेली. काही ठिकाणी शिकवणारे खरोखर तळमळीचे आहेत. काही ठिकाणी भाड्याच्या दोन खोल्या आणि दारावर पाटी, एवढ्यावर भागलं. यांतल्या काही वसतिगृहांत लहान मुलांना मारहाण आणि लैंगिक अत्याचार झाल्याच्या तक्रारी पोलिसांपर्यंत गेल्या, गुन्हे दाखल झाले. २०२५च्या सुरुवातीला राज्य महिला आयोगाने त्याची दखल घेतली, प्रशासनाला तपासणी करायला आणि अनधिकृत वसतिगृहं बंद करायला सांगितलं. आळंदीच्या ग्रामस्थांनीही आवाज उठवला. जोगमहाराजांची संस्था वेगळी आणि ही वसतिगृहं वेगळी, हे गावाला माहीत आहे. दूरच्या खेड्यातल्या बापाला ते माहीत असेलच असं नाही. त्याला सगळ्या पाट्या सारख्याच दिसतात.

देखरेखीचा प्रश्न इतकी वर्षं कुणाला पडला नाही, याचं एक कारण सरळ आहे. माधुकरीच्या काळात मुलं रोज दहा घरांत जात होती. कोण उपाशी आहे, कुणाच्या पाठीवर वळ आहेत, हे गावातल्या बायकांना आपोआप दिसायचं. वसतिगृहाची दारं लागली आणि ती नजर बंद झाली. आता तिची जागा नोंदणी, तपासणी पथक आणि तक्रारीची सोय यांनाच घ्यावी लागणार. धर्माच्या कामात सरकार कशाला, असं म्हणणाऱ्यांनी आधी हा फरक ध्यानात घ्यावा.

आणखी एक बदल चाललाय, जरा सावकाश. १९१७ साली इथे मुलींचा विचार कुणी केला नव्हता. मुक्ताई, जनाबाई, बहिणाबाई यांचे अभंग गायचे पण कीर्तनाला उभं राहायचं पुरुषांनी, असाच शिरस्ता होता. आता आळंदीत मुलींसाठीही वारकरी शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. पांढरी साडी नाहीतर पांढरा पंजाबी ड्रेस घातलेल्या, टाळ घेतलेल्या मुली घाटावर दिसतात. सप्ताहाच्या पत्रिकांवर स्त्री कीर्तनकारांची नावं येऊ लागली आहेत, आणि काही गावांत त्यांच्या कीर्तनाला सगळ्यात जास्त गर्दी होते. मागे टाळ धरायला बहुधा पुरुषच असतात, आणि पखवाजावर मुलगी अजून क्वचितच बसते.